आजारी बालक : पाळणाघराची मर्यादा आणि गावाची जबाबदारी

शहरात नोकरी करणारी माता असो, की खेड्यात रोजंदारीवर जाणारी माता असो, आपल्या पाठीमागे लहान मुलाला कोणीतरी जिव्हाळ्याने सांभाळावे, ही तिची पहिली गरज असते. एकत्र कुटुंबात ही जबाबदारी आजी किंवा थोरली जाऊ उचलीत असे. कुटुंबे लहान झाली, घरातील प्रत्येक धडधाकट माणूस कामाला जाऊ लागला, आणि पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी या संस्थांवर ही जबाबदारी येऊन पडली. मूल निरोगी असते तोपर्यंत ही व्यवस्था सुरळीत चालते. मूल आजारी पडले की ती अडखळते. तापाने फणफणलेले मूल घेऊन माता दारात उभी राहते, तिला कामाची घाई असते, आणि मूल ठेवून घ्यावे की परत पाठवावे, हा निर्णय सेविकेला एकटीने, उभ्या उभ्या घ्यावा लागतो.

सेविकेने मूल ठेवून घेतले तर इतर बालकांना धोका पोहोचतो. नाकारले तर मातेची हजेरी बुडते आणि गावात कटुता येते. आज एकाचे ठेवून घेतले व उद्या दुसऱ्याचे नाकारले, तर पक्षपाताचा आरोप होतो. म्हणूनच आजारी बालकाविषयीची मर्यादा आधी ठरलेली असावी, ती सर्वांना सारखी लागू असावी, आणि मूल घरी ठेवावे लागले तर त्याला सांभाळणार कोण, याचे उत्तरही तिच्यासोबत तयार असावे. पहिल्या दोन गोष्टी सेविका करू शकते. तिसरी गोष्ट मात्र गावाच्या सहकार्याशिवाय होणे नाही.

पाळणाघरांची वाटचाल

महाराष्ट्राला हा विषय नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे ग्रामीण आणि आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालण्यात आली होती. धाकट्या भावंडाची सोय झाल्याखेरीज थोरली बहीण शाळेत येऊ शकत नाही, हे या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. आजारी बालकाच्या प्रश्नातही हीच गोष्ट महत्त्वाची आहे, हे पुढे दिसून येईल.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या जागी राबल्या. झाडाला बांधलेल्या झोळीत तान्ही मुले ठेवून त्या काम करीत. या अनुभवातून पुढे आलेला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्र शासनाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद करण्यात आली, की कामावरील स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्यापैकी एका स्त्रीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे व त्याची मजुरीही द्यावी. मुले सांभाळणे हेही श्रमाचे काम आहे, याला यामुळे कायद्याची मान्यता मिळाली.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेस २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी प्रारंभ झाला. नोकरी करणाऱ्या व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांची केंद्रीय योजनाही १९७५ चीच. ती २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि २०२२ मध्ये मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ या नावाने नव्याने मांडली गेली. अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचा विचार या नव्या मांडणीत आहे. साधारण अंगणवाडी काही तासांपुरती असते. पाळणाघर मातेच्या कामाच्या वेळेपर्यंत चालावे लागते. मूल जितका अधिक वेळ केंद्रात राहील, तितका त्याच्या आजारपणाचा प्रश्न अधिक वेळा उभा राहील, हे उघड आहे.

हंगाम आणि आजार यांची गाठ

धाराशिव जिल्ह्यातील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. बालाघाटच्या डोंगररांगांतील हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथील शेतमजूर कुटुंबाची वर्षभराची मिळकत ठराविक हंगामांत गोळा होते. पावसाळ्यात खुरपणी, त्यानंतर सोयाबीनची काढणी, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हे त्यातील मुख्य टप्पे होत. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून अनेक कुटुंबे दरवर्षी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात.

दुर्दैवाने मुलांच्या आजारांचा हंगामही हाच असतो. पावसाळ्यात पाणी दूषित होऊन जुलाब व उलट्या बळावतात, डास वाढून तापाच्या साथी येतात. थंडीत खोकला व न्यूमोनियाचे प्रमाण वाढते. थंडी सरता सरता गोवर आणि कांजिण्या डोके वर काढतात. ज्या आठवड्यात मजुरी हमखास मिळते, नेमक्या त्याच आठवड्यात मूल आजारी पडते. “ताई, एवढा आजचा दिवस लेकराला ठेवून घ्या. आज खाडा पडला तर उद्या मला कोणी कामाला सांगत नाही,” असे माता म्हणते तेव्हा ती सेविकेला फसवीत नसते, तिच्यापुढील पेच खरा असतो. मर्यादेचा विचार करताना हा पेच दृष्टीआड होऊ देता कामा नये.

मर्यादा कशासाठी?

मर्यादा सर्वप्रथम आजारी बालकासाठीच असते. तापलेल्या मुलाला विश्रांती हवी असते, घोटघोट पाणी पाजावे लागते, अंगाजवळ धरून बसावे लागते. वीस-पंचवीस मुलांमध्ये एक सेविका व एक मदतनीस असताना हे होणे कठीण असते. असे मूल कोपऱ्यात निजून राहते आणि त्याची प्रकृती बिघडत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे कारण म्हणजे इतर बालके. केंद्रातील काही मुले तीव्र कुपोषित असतात. त्यांना साधा जुलाबही जिवावर बेतू शकतो. पाळणाघरात सहा-सात महिन्यांची बाळेही असतात. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. त्यापूर्वी ही बाळे गोवरापासून पुरेशी सुरक्षित नसतात. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लसीकरणातील उणीव किती महाग पडते याचा अनुभव राज्याने घेतला आहे.

तिसरे कारण सेविकेचे स्वतःचे आहे. ती वैद्य नाही. आजारी मूल ठेवून घेतल्यावर काही विपरीत घडले, तर सारा दोष तिच्या माथी येतो. जी जबाबदारी पेलण्याची साधने तिच्यापाशी नाहीत, ती तिच्यावर लादणे न्यायाचे होणार नाही.

कोणते बालक ठेवावे, कोणते घरी असावे

मर्यादा म्हणजे प्रत्येक शिंकेसाठी दार बंद करणे नव्हे. लहान मुलांना वर्षातून अनेक वेळा सर्दी होते. नाक वाहत आहे, थोडा खोकला आहे, पण ताप नाही, मूल खेळते व खाते आहे, असे मूल केंद्रात राहू शकते. डोक्यात उवा झाल्या म्हणून मुलाला परत पाठविण्याचे कारण नाही. त्यासाठी मातेला उपाय सांगणे पुरेसे असते. अशा किरकोळ कारणांवरून मूल परत पाठविले, तर खऱ्या आजाराच्या वेळी सेविकेच्या शब्दाला वजन राहत नाही.

पुढील अवस्थांत मात्र मूल घरीच असावे.

ताप : काखेत थर्मामीटर लावून तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरल्यास तो ताप समजावा. हाताने कपाळ पाहून मतभेद होतात. थर्मामीटरच्या आकड्यावर वाद होत नाही. पहाटे तापाचे औषध पाजून मूल आणले गेले तर दुपारपर्यंत ताप पुन्हा चढतो. म्हणून औषध न देता एक पूर्ण दिवस ताप आला नाही, की मूल आणावे.

जुलाब व उलट्या : दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होत असल्यास मूल घरी ठेवावे. जुलाब थांबल्यावर किमान एक दिवस, शक्य तर दोन दिवस थांबावे. या काळात ओ.आर.एस.चे पाणी, अंगावरचे दूध व नेहमीचे मऊ अन्न चालू ठेवावे. जुलाबात खाणे-पिणे तोडण्याची समजूत अजूनही आढळते; ती घातक आहे. आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

गोवर व कांजिण्या : गोवराचा संसर्ग पुरळ येण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून पुरळ आल्यानंतर चार दिवसांपर्यंत पसरतो. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल इतरांत मिसळू देऊ नये. गावांत या आजारांना देवीचा कोप किंवा देवीचे येणे मानले जाते आणि मूल घराबाहेर काढीत नाहीत. या समजुतीची थट्टा करू नये. मूल घरात ठेवण्याची रीत संसर्ग रोखण्यास उपकारकच आहे. परंतु देवी आली म्हणून दवाखाना टाळू नये, हे सांगितले पाहिजे. गोवर झालेल्या मुलास वैद्यकीय सल्ल्याने ‘अ’ जीवनसत्त्व देणे आवश्यक असते, कारण या आजारात डोळ्यांनाही धोका पोहोचतो.

गालगुंड, डोळे येणे व खरूज : गालगुंडाची सूज आल्यापासून पाच दिवस मूल घरी ठेवावे. डोळे आले असता चिकट स्राव थांबेपर्यंत घरी ठेवावे. २०२३ च्या पावसाळ्यात ही साथ राज्यभर पसरली होती. खरजेच्या बाबतीत घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. पहिला उपचार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मूल येऊ शकते.

धोक्याची लक्षणे

काही लक्षणे दिसली तर मूल ठेवावे की परत पाठवावे, हा प्रश्नच उरत नाही. त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे लागते. मूल काहीच पीत नाही किंवा अंगावरचे दूध ओढत नाही, घेतलेले सर्व ओकून टाकते, त्याला झटके येतात, ते ग्लानीत आहे किंवा जागे होत नाही, ही ती लक्षणे होत. श्वासाची गतीही मोजावी. मूल शांत असताना एक पूर्ण मिनिट श्वास मोजला असता दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी. छाती आत ओढली जात असेल तर विलंब मुळीच करू नये. अशा वेळी मातापित्यांची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आशा कार्यकर्तीस सोबत घ्यावे आणि त्याच वेळी पालकांना कळवावे. यासाठीची संमती प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतलेली असावी.

हे ज्ञान खेड्यातील स्त्रियांना पेलत नाही, ही शंका निराधार ठरली आहे. शेजारच्या जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील सामान्य स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून न्यूमोनिया ओळखण्याचे काम करून दाखविले. धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षित केले. या प्रशिक्षणात काय करावे याबरोबरच कोठे थांबावे व रुग्णाला पुढे कोठे पाठवावे, हेही शिकवावे लागते. आपली मर्यादा ओळखणे हा सेविकेच्या कौशल्याचाच भाग आहे.

औषध कोणी द्यावे?

“दुपारी हे एक झाकण पाजा,” असे सांगून माता औषधाची बाटली ठेवून जाते. बाटलीवर नाव नसते, मात्रा नक्की नसते. कधी ते औषध थोरल्या भावंडाचे उरलेले असते. याबाबत नियम स्पष्ट हवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणतेही औषध स्वीकारू नये. चिठ्ठी असेल तर बाटलीवर मुलाचे नाव, मात्रा व वेळ लिहून घ्यावी आणि औषध दिल्याची नोंद वहीत करावी. शक्य तेथे सकाळ-संध्याकाळ घरीच देता येईल असे औषध लिहून देण्याची विनंती पालकांनी डॉक्टरांना करावी. ओ.आर.एस. मात्र प्रत्येक केंद्रात असावे आणि जुलाब सुरू होताच, पालक येण्यापूर्वीच, ते पाजण्यास सुरुवात करावी.

सांगावे कसे?

नियम चांगला असूनही सांगण्याच्या पद्धतीमुळे तो बिघडू शकतो. मूल आजारी पडल्यावर प्रथमच नियम सांगितला, तर तो आपल्यालाच लावला असे मातेस वाटते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी, मूल हसतखेळत असताना, माता व पिता दोघांनाही बसवून नियम वाचून दाखवावेत. माता व बाल संरक्षण कार्ड पाहून लसीकरणाची नोंद घ्यावी. आजारपणात कोण येऊन मूल नेईल, अशा दोन व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत. त्यांपैकी एक व्यक्ती दिवसा गावात असणारी हवी. हेच नियम पालकसभेत मंजूर करून केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावावेत.

प्रत्यक्ष प्रसंगी सेविकेने चारचौघांत मातेला बोल लावू नये. “असले आजारी लेकरू आणतेस कशी?” या वाक्याने माता दुखावते आणि पुढच्या वेळी आजार लपविते. त्याऐवजी, “अगं, लेकराला ताप आहे, हे बघ थर्मामीटर. आपण सभेत ठरवलं तसं आज त्याला घरी ठेवू. आजींना निरोप धाडू का? ताप उतरला की परवा घेऊन ये,” असे सांगितले तर नियमही पाळला जातो आणि माणुसकीही राखली जाते. यातील शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. मूल परत कधी आणायचे, हे निश्चित कळले की मातेची चिंता निम्मी होते. सरपंचांचे नातवंड असो की मजुराचे लेकरू असो, नियम एकच असावा. एका वजनदार घरासाठी केलेला अपवाद सबंध नियम मोडून टाकतो.

परत पाठविलेले बालक कोठे जाते?

येथवर सांगितलेले सर्व सेविकेच्या हाती आहे. यापुढचा प्रश्न मात्र पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी विचारला पाहिजे : पाळणाघराने परत पाठविलेले आजारी बालक प्रत्यक्षात कोणाच्या मांडीवर जाते? आई कामावर गेलेली असते, वडीलही गेलेले असतात. अशा वेळी तिसरी-चौथीत शिकणारी थोरली बहीण शाळा बुडवून घरी थांबते. तापाचे मूल आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या स्वाधीन होते. धाकट्याचा जीव टांगणीला लागतो आणि थोरलीचे शिक्षण मागे पडते. हजेरीपटावर या मुलीची केवळ ‘गैरहजर’ अशी नोंद होते. त्या नोंदीमागील आजारी भावंड कोणाला दिसत नाही.

म्हणून शिक्षकांनी मुलींच्या तुटक गैरहजेरीची कारणे विचारावीत आणि सेविकेच्या वहीशी ती ताडून पाहावीत. कोणत्या घरी दिवसा मोठे माणूस नसते, हे दोन्ही वह्या एकत्र ठेवल्यास लगेच कळेल. पालक म्हणजे केवळ माता, ही समजूतही सोडली पाहिजे. एक खाडा आईने व दुसरा वडिलांनी, असे वाटून घेतले तर भार हलका होतो. हे बोलण्याची जागा पालकसभा हीच आहे आणि तेथे पुरुषांची उपस्थिती आवर्जून असावी.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांचा आधार असतो. लहान मुले मात्र थकलेल्या आजी-आजोबांपाशी राहतात किंवा आईबापांबरोबर फडावर जातात. मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी टोळी निघण्यापूर्वीच करावी. आजारपणात निर्णय कोण घेईल, दवाखान्यात कोण नेईल व आईवडिलांना कोण कळवील, हे नावानिशी ठरवावे. सोबत जाणाऱ्या मुलांचे लसीकरण पूर्ण करून कार्ड आईजवळ द्यावे.

ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. या रकमेतून थर्मामीटर, साबण, हात धुण्याची सोय, झाकणाची पिण्याच्या पाण्याची भांडी यांसारख्या अल्प खर्चाच्या वस्तू मिळाल्या, तर आजाराचे प्रसंगच कमी होतील. गावातील विश्वासू, ज्येष्ठ स्त्रियांची एक यादी महिला बचत गटाच्या मदतीने करता येईल. मातेला कामावर जाणे भागच असेल, अशा दिवशी बरे होत आलेले एखादे मूल या स्त्रियांपैकी कोणी सांभाळावे आणि तिच्या श्रमाचा योग्य मोबदला कसा द्यावा, हे ग्रामसभेने ठरवावे. शेतमालक व मुकादम यांनाही या चर्चेत बोलवावे. मूल आजारी आहे म्हणून खाडा पडलेल्या स्त्रीचे काम दुसऱ्या दिवशी कायम राहील, एवढे आश्वासन गावाने मिळवून दिले, तरी आजार लपविण्याचे निम्मे कारण नाहीसे होईल.

महिन्यातून एकदा होणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिवशी सेविका, आशा व आरोग्यसेविका एकत्र येतात. त्या दिवशी मागील महिन्यात कोणती मुले आजारामुळे घरी राहिली, ती कोणी सांभाळली आणि कोणाचे लसीकरण राहिले, याचा दहा मिनिटे आढावा घेण्यास कोणताही खर्च येत नाही.

आजारी मूल घरी ठेवा, असे सांगण्याचा सेविकेचा अधिकार गावाने मान्य केला पाहिजे. तसेच ते घर मुलाला सांभाळण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे पाहण्याचे कर्तव्यही गावाने पत्करले पाहिजे. पावसाळ्याची खुरपणी सुरू होण्यापूर्वी, मुले निरोगी असताना, प्रत्येक गावाने एक पालकसभा घेऊन आपले नियम व आपल्या मदतनीस स्त्रियांची यादी निश्चित केली, तर ऐन हंगामात कोणत्याही सेविकेला दारात उभे राहून एकटीने निर्णय घ्यावा लागणार नाही.